स्टीफनचे सोळावे वर्ष

जेम्स जॉइस यांची ‘अ पोर्ट्रेट ऑफ दि आर्टिस्ट अॅज अ यंग मॅन’ ही कादंबरी १९१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. लेखकाने ख्रिस्तसभेकडे पाठ फिरवली, तेव्हा त्याचे पुस्तकही धर्मविरोधीच असणार, असा हिशेब करून श्रद्धावंत वाचक तिच्यापासून दूर राहत आले आहेत. आम्हांस हा हिशेब मान्य नाही. ज्यांच्या हाती वयात येणारी मुले सोपविलेली असतात, त्या आईबापांनी, शिक्षकांनी आणि आम्हां धर्मगुरूंनी तर ही कादंबरी आवर्जून वाचावी.

नायक स्टीफन डीडलस येशूसंघीयांच्या निवासी शाळेत अगदी लहान असताना त्याचा चष्मा फुटतो. लिहीत नाही म्हणून फादर डोलन त्याला आळशी ठरवून हातांवर मारतात. मुलगा धीर करून थेट रेक्टरांकडे जातो, रेक्टर त्याचे म्हणणे ऐकून घेतात आणि सोबती त्याला डोक्यावर घेतात. पुढे काही वर्षांनी बाप घरी हसत हसत सांगतो, की रेक्टरांनी ही हकिकत जेवणाच्या वेळी साऱ्यांना ऐकवली आणि फादर डोलनसुद्धा खूप हसले! स्टीफन यावर काही बोलत नाही. जॉइसही बोलत नाहीत. आमच्या मते पुढील साऱ्या मौनाचे मूळ या हसण्यात आहे.

या मौनाचे सर्वांत बोलके पान कॉर्क शहरातील आहे. बाप मुलाला आपले जुने महाविद्यालय दाखवायला नेतो. शरीरशास्त्राच्या वर्गातील एका बाकावर कोणीतरी ‘गर्भ’ या अर्थाचा शब्द कोरून ठेवलेला असतो. तो पाहताच स्टीफन हादरतो. जे विचार केवळ आपल्याच मनाची विकृती म्हणून तो लपवीत होता, ते बाहेरच्या जगातही आहेत तर! बाप शेजारीच आहे. पण तो स्वतःच्या तारुण्याच्या आठवणींत रमलेला. दोन शब्द विचारले असते तर! पुढे हा मुलगा एकटाच डब्लिनच्या बदनाम वस्तीत जाऊन पोहोचतो, याचे आम्हांस नवल वाटत नाही.

तिसऱ्या प्रकरणातील आध्यात्मिक साधना संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणानिमित्त आहे. जुन्या गोव्यातील सणाला जाणाऱ्या आमच्या वाचकांस हे नाते जवळचे वाटेल. तेथील नरकावरचे प्रवचन जगप्रसिद्ध आहे. सतराव्या शतकातील इटालियन येशूसंघीय पिनामोंती यांच्या पुस्तिकेवर ते बेतलेले असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. टीकाकार या प्रवचनावरच थांबतात. आम्हांस मात्र त्यानंतरचा पापनिवेदनाचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. ओळखीचे कोणी नसावे म्हणून स्टीफन दूरच्या चॅपेलमध्ये जातो. तेथील वृद्ध कापुचिन धर्मगुरू त्याला वय विचारतात. “सोळा” हे उत्तर ऐकून ते रागावत नाहीत. थकल्या, मायेच्या स्वरात चार शब्द सांगतात. घरी परतल्यावर स्वयंपाकघरातील अंडी आणि सॉसेजेस पाहूनही मुलाला जीवन सोपे व सुंदर वाटते. धर्मविरोधी लेखकाने हे लिहिले असते काय?

परंतु ती काही मिनिटांचीच भेट. पुढची भक्ती तो एकट्यानेच रचतो. प्रार्थनांची जमा जणू स्वर्गातील गल्ल्यावर चढत जाते. डोळे, कान, नाक यांवर पहारे बसतात. आणि एवढे करूनही आईच्या शिंकण्याचा त्याला संताप येतो. एका शिंकेत जॉइस यांनी खोट्या तपाचे सारे मर्म सांगितले आहे! धर्मगुरुपदाचे आमंत्रणही त्याच्यापुढे येते ते सेवेचे म्हणून नव्हे, अधिकाराचे म्हणून. तो ते नाकारतो, यात आम्हांस गैर दिसत नाही.

आमचा आक्षेप वेगळा आहे. या कादंबरीत एकाही मुलीला धड आवाज नाही. समुद्रकिनारी पाण्यात उभी असलेली मुलगी हे एक सुंदर चित्र. स्टीफन तिच्याशी एक शब्दही बोलत नाही. एम्मा तर बहुधा आद्याक्षरांत आणि सर्वनामांतच वावरते. लेखकाच्या निधनानंतर १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टीफन हिरो’ या आधीच्या खर्ड्यात हीच एम्मा बोलते, त्याला ठणकावून उत्तरही देते. तिला गप्प करून जॉइस यांनी कलाकृती घोटीव केली असेल. पण जो मुलगा आपले कोणी ऐकत नाही म्हणून कुढतो, तोही कोणाचे ऐकत नाही, याचा जाब विचारणारे पात्र कादंबरीतून निघून गेले.

शेवटच्या रोजनिशीत मात्र १५ एप्रिलची एक नोंद आहे. ती त्याला रस्त्यात भेटते, कविता लिहितोस का म्हणून विचारते, आणि ती आपल्याला आवडली, ही भावना नवीन आहे, असे तो लिहून ठेवतो. बारा दिवसांनी रोजनिशी संपते. तोवर आईने त्याचे जुन्या बाजारातले कपडे प्रवासासाठी नीट लावून ठेवलेले असतात.