मागे राहिलेलीचे निवेदन : धर्मांतरकथा आणि ‘स्मृतिचित्रे’

धर्मांतराच्या आत्मकथनाला पाश्चात्त्य परंपरेत एक स्थिर आकृतिबंध लाभलेला आहे. संत ऑगस्टिनच्या ‘कन्फेशन्स’मध्ये (इ. स. ४०० च्या सुमारास) भरकटलेले पूर्वायुष्य, अपयशाची व पापाची जाणीव, ३८६ मधील मिलानच्या बागेतील निर्णायक क्षण आणि त्यानंतर गवसलेले जीवितकार्य असा क्रम आढळतो. निवेदक आणि धर्मांतरित व्यक्ती एकच असल्यामुळे पूर्वीचे प्रत्येक अपयश त्या क्षणाकडे नेणारी पायरी ठरते. मराठीत बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या ‘अरुणोदय’ (१८८८) या स्वचरित्राची जातकुळी हीच असून तिचे सूचन शीर्षकातूनच होते.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त हा आकृतिबंध मोडतो. या ग्रंथाच्या विनोदाकडे व प्रांजळपणाकडे लक्ष सहज वेधले जाते. तौलनिक दृष्टीने मात्र निवेदिकेचे स्थान अधिक महत्त्वाचे आहे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या धर्मांतराची कथा येथे टिळक सांगत नाहीत. त्या धर्मांतराने जिचा संसार उधळला, ती पत्नी सांगते.

टिळकांचे पूर्वायुष्य लौकिकार्थाने अपयशाचे होते. नोकऱ्या टिकत नव्हत्या, न सांगता घर सोडून जाणे नित्याचे झाले होते, अपत्ये दगावली होती. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आत्मसाक्षीच्या कथनात हा दिवस शिखर ठरला असता. ‘स्मृतिचित्रे’त तो आघात आहे. शिवाय बाप्तिस्म्याने टिळकांची अस्वस्थता शमलेली दिसत नाही. कविता, उपदेशकार्य, ‘ज्ञानोदय’मधील लेखन यांतून तिला दिशा मिळाली, इतकेच, १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारणारे टिळक हे पूर्वीचेच घर सोडणारे टिळक होते. श्रद्धेने स्वभाव पालटला नाही, त्याला प्रयोजन दिले, हे जवळून पाहणाऱ्या व्यक्तीलाच सांगता येण्याजोगे सत्य आहे.

येथे ‘कन्फेशन्स’मधील एका मौनाचे स्मरण होते. ऑगस्टिनची अनेक वर्षांची सहचरी, त्याच्या मुलाची आई, आफ्रिकेला परत पाठवली जाते; ग्रंथात तिचे नावही येत नाही. दोघींची परिस्थिती समान नव्हे: लक्ष्मीबाई विवाहित पत्नी होत्या, ताटातूट धर्मांतरामुळे झाली आणि काही वर्षांनी पुनर्मीलनही झाले. तरीही दुसऱ्याच्या आध्यात्मिक प्रवासाची किंमत मोजणारी व्यक्ती, हे स्थान दोघींचे एकच. पाश्चात्त्य आकृतिबंधात जी अबोल राहिली, तिलाच मराठीत निवेदिकेचा अधिकार मिळाला आहे.

हा अधिकार तक्रारीपुरता उरत नाही. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला, तो केवळ पतीच्या मागोमाग जाण्यासाठी नव्हे. जातिभेद माणसांनी निर्माण केला आहे, या निष्कर्षाप्रत त्या आधीच स्वतंत्र विचाराने पोहोचल्या होत्या. त्यांचा निर्णायक क्षण कोणत्याही दिव्य वाणीचा नसून सोवळेओवळे टाकून देण्याच्या साध्या निश्चयाचा आहे. ऑगस्टिनला वासनेवर मात करावी लागते, लक्ष्मीबाईंना शिवाशिवीवर. पापाच्या कल्पनेचे हे स्थानांतर भारतीय ख्रिस्ती अनुभवाच्या अभ्यासात मूलभूत मानावे लागेल.

टिळकांच्या मृत्यूच्या वेळी त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. त्यांच्या हातून आरंभीचे मोजकेच अध्याय झाले होते. औपचारिक शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढील ६४ अध्याय रचले, अखेरचा अध्याय त्यांचे पुत्र देवदत्त यांनी जोडला आणि ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याने संसार अर्ध्यावर सोडला, त्याचे काव्य सोडल्या गेलेल्या स्त्रीने पुरे केले. यामुळे जुना अन्याय न्याय्य ठरतो, असे ‘स्मृतिचित्रे’ कोठेही सुचवीत नाही. आघाताची आणि श्रद्धेची नोंद शेजारी शेजारी राहते. अपयशातून अर्थ गवसला म्हणून अपयशाची झळ सोसणाऱ्यांचा हिशेब मिटत नाही, हे मान्य करणारी धर्मांतरकथा म्हणून या ग्रंथाचे तौलनिक साहित्यातील स्थान निश्चित करावयास हवे.