चार पायऱ्या आणि एक फळी



विषयाला हात घालण्याआधी एकदा दाराकडे बघा. या सभागृहाला चार पायऱ्या आहेत, प्रत्येकी सहा इंचांच्या. आजचा विषय सुगम्यतेचा, म्हणून आयोजकांनी सकाळी धावपळ करून त्यांवर एक फळी टाकली. हेतू चांगला आहे, मी नावं ठेवत नाही. पण आपल्याकडचं मानक सांगतं की चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारापेक्षा तीव्र नको. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, दोन फुटांना चोवीस. ही फळी आहे आठ फुटांची. हिच्यावरून खुर्ची एकट्याने चढवता येत नाही. मागून दोघांनी ढकलायला हवं, आणि उतरताना दोघांनी धरून ठेवायला हवं. आज मला त्या दोघांविषयी बोलायचं आहे.

आधी कायदा. 2016 साली संसदेने दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा केला. ('दिव्यांग' या शब्दावर माझा आक्षेप आहे, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.) त्याच्या कलम 40 मध्ये केंद्र सरकारने नियम करून सुगम्यतेची मानकं ठरवायची आहेत, आणि कलम 45 प्रमाणे नियम आल्यापासून पाच वर्षांच्या आत जुन्या सार्वजनिक इमारतीही सुगम्य करायच्या आहेत. नियम जून 2017 मध्ये आले. मुदत 2022 मध्ये संपली. आपण अजून फळ्या टाकतो आहोत.

असं का झालं? निधी नाही, इच्छा नाही, ही उत्तरं तुम्हाला माहीत आहेत. मी भाषेकडे बघतो, ती माझी जुनी खोड. त्या नियमांतला पंधरावा नियम मानकं म्हणून निरनिराळ्या मार्गदर्शक पुस्तिकांकडे बोट दाखवत होता. पुस्तिका उघडा, तर ठिकठिकाणी इंग्रजी 'शुड'. मराठीत आपण म्हणू 'असावा'. उतार असावा. कठडा असावा. आता मराठीतला हा 'असावा' मोठा गमतीचा आहे. 'पाऊस पडला असावा' म्हणजे अंदाज, 'सुखी असावा' म्हणजे आशीर्वाद, 'चहा गरम असावा' म्हणजे आवड. 'उतार असावा' यातला असावा नेमका कुठला? कंत्राटदार तो आशीर्वाद म्हणून वाचतो. (हशा)

सर्वोच्च न्यायालयाने नेमकं इथेच बोट ठेवलं. राजीव रतुरी या दृष्टिबाधित गृहस्थांनी 2005 साली याचिका केली होती. 8 नोव्हेंबर 2024 च्या निकालात न्यायालय म्हणालं, कायदा सक्तीची भाषा करतो आणि नियम शिफारशीची, तेव्हा हा नियम कायद्याशी विसंगत आहे. ज्यावर तडजोड नाही असे किमान सक्तीचे नियम वेगळे काढा, तीन महिन्यांत काढा, असा आदेश झाला. बाकीची सुधारणा टप्प्याटप्प्याने होऊ शकते. विचार म्हणून ही मांडणी मला पटते. भीती एवढीच वाटते, की आपल्या कारभारात 'किमान' ठरवलं की तेच 'कमाल' होऊन बसतं.

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे, आणि ते जरा स्वतःबद्दलचं आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं. चार महिने मी चाकाच्या खुर्चीत होतो. तपासणीसाठी मुंबईला जायचं, म्हणून एका धक्क्यावर गेलो. ओहोटी होती, लाँच बरीच खाली. दोन खलाशी पुढे आले. "काका, घाबरू नका, आम्ही हाव ना," म्हणाले, आणि मला खुर्चीसकट उचलून आत ठेवलं. पैसे घेतले नाहीत. आजूबाजूच्या लोकांनी कौतुकाने बघितलं. आपल्या किनाऱ्यावरची माणसं अशीच आहेत, मला त्यांचा अभिमान आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच गेलो. आणि तिसऱ्या खेपेला मी घरीच राहिलो. डॉक्टरांशी फोनवर बोललो.

मला कोणी नाही म्हटलं नव्हतं. पण प्रत्येक वेळी दोन अनोळखी माणसांच्या हातात आपलं शरीर द्यायचं, पडलो तर हसायचं, पोचलो तर आभार मानायचे, हे सगळं प्रवासाच्या तिकिटात नकळत धरलेलं होतं. मी चार महिन्यांचा पाहुणा होतो. जन्मभर असं जाणाऱ्या माणसाचा हिशेब करा. तो न आल्यामुळे धक्क्यावर त्याची नोंदही होत नाही, आणि मग आपण म्हणतो, "इथे तसे कोणी येतच नाहीत."

घारापुरी आपल्याच जिल्ह्यात, उरण तालुक्यात. लेण्यांपर्यंत सुमारे 120 पायऱ्या. ज्याला चढवत नाही त्याला डोलीवाले खांद्यावरून नेतात. मेहनतीची रोजी आहे, मी तिला तुच्छ लेखणार नाही. पण डोली आहे म्हणून वाट आहे असं आपण मानू लागलो, तर चूक होते. अमर्त्य सेन यांनी 1979 च्या स्टॅनफर्डच्या व्याख्यानात विचारलं होतं, समता कशाची? दोघांना सारखेच पैसे दिले, तरी अपंग माणसाला त्यांतून तेवढंच करता येत नाही. 

इथे नेहमी एक हरकत येते, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. समुद्राला मानक कसं लावणार? उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. एकास बाराने तो भरून काढायचा तर 48 मीटरांचा उतार हवा, मधले विसाव्याचे सपाट टप्पे वेगळेच. ज्यांनी मानकं लिहिली त्यांच्या डोळ्यांसमोर जमिनीवरची इमारत होती, हे खरंच आहे.

आता मांडव्याला चला. 15 मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून तिथे रो-रो येते. जहाजाचा दरवाजा खाली पडतो आणि मोटारी सरळ आत जातात. भरती असो, ओहोटी असो, मोटार उचलायला खलाशी लागत नाहीत. मोटारीला पायरी चढता येत नाही, हे इंजिनिअरांनी निमूटपणे मान्य केलं आणि तिच्यासाठी उतार केला. कोणी म्हटलं नाही, की चार माणसं बोलावू, उचलून ठेवू. म्हणजे समुद्र अडवत नव्हता. चाक कुणाचं, एवढाच प्रश्न होता.

आणि समजा, धक्का उत्तम झाला. पुढे काय? फरसबंदी संपते, वाळू लागते, चाक रुततं. मग बसची उंच पायरी. मग स्वच्छतागृह, त्याला उतार आहे, पण दार खुर्चीपेक्षा अरुंद. तपासणीचा तक्ता प्रत्येक वास्तूपुढे वेगळी खूण करतो: धक्का ठीक, थांबा ठीक, स्वच्छतागृहाचा उतार ठीक. माणूस मात्र वास्तूत राहत नाही, तो घरातून निघून कुठेतरी पोचतो. दहा कड्यांपैकी नऊ मजबूत असल्या तरी त्याचा प्रवास दहावीपाशी थांबतो. आपल्या मानकांवर माझी मोठी टीका ही आहे, आणि ती 'असावा'चं 'असलाच पाहिजे' केल्याने आपोआप मिटणार नाही. कड्या जोडणारा कोणी एक अधिकारी नेमावा लागेल, आणि त्याने वर्षातून एकदा तरी ती सगळी वाट चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाबरोबर चालून बघावी लागेल. तपासणाऱ्यांत ते स्वतः हवेत. खुर्चीतून दिसणारी दीड इंचाची उंबरठ्याची कड मला सत्तर वर्षं उभ्याने कधी दिसली नव्हती.

आज मागच्या रांगेत एक ताई खुर्चीवर आल्या आहेत. मी त्यांना विचारलं, फळी कशी वाटली. म्हणाल्या, "सर, दोघं होते म्हणून आले. जाताना असतील ना?"

आता प्रश्न घेऊ या. पहिला त्यांचा.