बोर्डिंगचा इतिहास कुठून वाचायचा?

मंडळी, बोर्डिंग म्हटलं की आपल्या भागातल्या माणसापुढं दोन चित्रं येतात. एक पाचगणीचं. थंड हवा, इंग्रजी शिस्त, भरभक्कम फी. बिलिमोरिया हायस्कूल तिथं १९०८ साली निघालं. दुसरं साताऱ्याचं, भाऊराव पाटलांचं. जिल्हा एकच, मध्ये फक्त पसरणीचा घाट. पाचगणीवर आज बोलत नाही. मला बोलायचंय साताऱ्याच्या बोर्डिंगबद्दल, खरं तर त्याबद्दल आपण जे लिहीत आलो त्याबद्दल.

आपल्याकडची संस्थापकांची चरित्रं एका साच्यातली. हूड पोरगं, बंड, प्रतिज्ञा, त्याग, आणि शेवटी शाखांचा आकडा. भाऊरावांचंही तसंच झालंय. कोल्हापुरात ते जैन बोर्डिंगात राहत होते. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परतल्यावर अंघोळ करायला नकार दिला, आणि बोर्डिंगातून काढले गेले. चरित्रकार इथं ‘बाणेदारपणा’ लिहून पुढं सरकतात. अहो, जरा थांबा ना! मोडला कुठला नियम? अंघोळ करून मगच जेवायला बसायचं, हा. म्हणजे भांडण वर्गातलं नव्हतं, पंगतीतलं होतं.

शाहू महाराजांना हे नेमकं ठाऊक होतं. त्यांनी आधी सगळ्यांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं; तिथं ब्राह्मण मुलंच उरली. मग १९०१ पासून मराठा, जैन, अशी जातवार बोर्डिंगं निघत गेली. महाराजांनी जात पक्की केली, असं म्हणणारे आज भेटतात. मला हा आक्षेप उथळ वाटतो. खेड्यातलं पोर शहरात येऊन जेवणार कुठं, इथंच ज्याची शाळा अडत होती, त्याला आधी ताट तरी मिळालं. एकाच पंगतीत सगळी ताटं मांडायची, हे पुढचं काम होतं.

ते सुरू झालं साताऱ्यात नव्हे. इथं, आपल्या मिरज तालुक्यात, वारणाकाठच्या दुधगावात. १९१० च्या सुमारास भाऊरावांनी सहकाऱ्यांबरोबर तिथं सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. १९१९ चं काले, १९२४ चं सातारा, १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते झालेलं नामकरण, यांना चरित्रांत पानंच्या पानं. दुधगावला दोन-चार ओळी.

आणि लक्ष्मीबाई? मंगळसूत्रसुद्धा विकलं, एवढ्या एका वाक्यात त्यांना बसवून टाकलंय. दागिना विकणं एका दिवसाचं काम हो. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई महार, मांग, मराठा, मुसलमान पोरांना एकाच चुलीवर रांधून वाढत होती. आज वाढलं, उद्या परत वाढायचंच. १९३० साली त्या गेल्या. ‘भाऊरावांनी पंगतीतला भेद मोडला’ असं आपण लिहितो, पण त्या वाक्याचा कर्ता एकच कसा? त्यांना संस्थापक म्हणायला आपली लेखणी का अडते, हे चरित्रकारांना एकदा विचारलं पाहिजे.

आता निवासी शाळांच्या माहितीपत्रकावर भाऊरावांचा फोटो असतो, आणि आत मेस कंत्राटावर. त्या शाळांचेही इतिहास लिहिले जातील, गौरवग्रंथ निघतील. लिहिणाऱ्यानं निकालाचे तक्ते नंतर मागावेत. आधी विचारावं, पाणी कोण भरतं, भांडी कोण घासतं, कुणाचं ताट कुणाशेजारी लागतं. दुधगावपासून सुरुवात करायला हरकत नाही. मिरजेपासून काही लांब नाही ते.