'शिफ्ट' झालो म्हणजे काय झालो?

गेल्या दिवाळीत आमच्या एका जुन्या शेजाऱ्यांचे छापील पत्र आले. 'आम्ही पुण्यास शिफ्ट झालो आहोत' एवढेच वाक्य आणि खाली नवा पत्ता. धारवाडात चार पिढ्या काढलेल्या कुटुंबाच्या निरोपाची ही भाषा वाचून आम्ही थबकलो.

'शिफ्ट' या इंग्रजी धातूचा मूळ अर्थ मांडणी किंवा वाटणी करणे. जागा पालटणे हा अर्थ नंतरचा. घर बदलण्यास इंग्लंडात सामान्यतः 'मूव्ह' म्हणतात; 'शिफ्ट' हा प्रयोग विशेषतः आपल्याकडील इंग्रजीत रुळला. कारखान्यातील 'शिफ्ट'विषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती घराच्या बाबतीत.

'बिऱ्हाड हलवले' म्हटले की हलवणारा कोणी असतो. 'सोडले' म्हटले की काय सोडले तेही सांगावे लागते. 'शिफ्ट झालो' यात ना करणारा दिसतो, ना मागे राहिलेले काही. जी. ए. कुलकर्णी यांनी अखेरच्या काळात धारवाड सोडले आणि १९८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. या वाक्यात 'सोडले'च्या जागी 'शिफ्ट झाले' घालून पाहावे. काय हरवते ते लगेच कळेल.

मराठी 'बिऱ्हाड', 'बिढार' आणि कानडी 'बिडार' ही एकाच कुळातली. भालचंद्र नेमाडे यांनी १९७५ मध्ये आपल्या कादंबरीस 'बिढार' हेच नाव दिले. दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या आपल्याला हा शब्द दोन्ही घरांतून मिळाला, आणि नेमका तोच आपण टाकत आहोत.

सरकारी नोकरीत आम्हीही 'बदली झाली' म्हणत गावे सोडली, हे मान्य केले पाहिजे. पण तिथे न सांगितलेला कर्ता कोण, हे सर्वांस ठाऊक असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, तेव्हा तर आपली माणसे जागची हललीही नव्हती. हलली ती सरहद्द. तो निर्णय दुसऱ्यांचा होता. आज घर विकून जाण्याचा निर्णय आपला असतो. तो चूक आहे असे आम्ही म्हणत नाही. मुले जिथे, तिथे आईबाप. मात्र निर्णय आपला, तर क्रियापदही आपले असावे.

पत्राचे उत्तर लिहिताना आम्ही 'आपण धारवाड सोडल्याचे कळले' असे लिहिले. शब्द थोडा कठोर वाटला, पण खोडला नाही.