म्हाताऱ्याच्या हातात जाळं नव्हतं

मागच्या वर्षी ऑफिसच्या एका मीटिंगमध्ये स्क्रीनवर होडी आली. होडीत एक म्हातारा, मागे सूर्य आणि खाली हेमिंग्वेचं न हरण्याबद्दलचं ते प्रसिद्ध वाक्य. त्याच आठवड्यात आमच्या मजल्यावरची बरीच माणसं कमी केली होती. उरलेल्यांनी चिकाटी सोडू नये, एवढंच त्या स्लाइडला सांगायचं होतं.

मी पनवेलच्या कोळीवाड्यातला. आजा खाडीत मासे धरायचा, बाबांनी नोकरी धरली आणि मी इंजिनिअर झालो. ती स्लाइड मला टोचली. घरी येऊन ‘एका कोळियाने’ पुन्हा वाचायला घेतलं.

‘द ओल्ड मॅन अँड द सी’ १९५२ मध्ये आली. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं आणि १९५४ मध्ये हेमिंग्वेला नोबेल. पु. ल. देशपांड्यांनी ती १९६५ मध्ये मराठीत आणली. त्यांनी दिलेलं नाव मराठी वाचकाला लगेच आपलंसं वाटतं, कारण ते शाळेतल्या कवितेतून आलंय. कवितेतला कोळी म्हणजे जाळं विणणारा जीव. तो पडतो, पुन्हा चढतो आणि शेवटी जिंकतो. मासे धरणारा कोळी आणि जाळं विणणारा कोळी यांना मराठीत एकच शब्द आहे. तो योगायोग पुलंनी अचूक हेरला. इतकं छान नाव सुचणं सोपं नाही.

पण माझी तक्रार या नावाबद्दलच आहे. पहिलं पान उघडण्याआधीच ते आपल्याला सांगून टाकतं, की ही ‘प्रयत्न सोडू नका’ची गोष्ट आहे. आणि ते आपल्या हातात जाळं देतं. सांतियागोकडे जाळं नाहीच. सार्डिन धरायचं एक छोटं जाळं होतं, तेही विकून झालंय. तो आणि मॅनोलिन नावाचा पोरगा रोज ते अजून घरात असल्यासारखं बोलतात, एवढंच. म्हातारा समुद्रात जातो तो गळ घेऊन.

हा गळ टाकणं पुस्तकात किती बारकाईनं लिहिलंय ते बघा. चार दोर, चार खोल्या : ४०, ७५, १०० आणि १२५ फॅदम. फॅदम म्हणजे आपला वाव. दोन्ही हात फैलावले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर, साधारण सहा फूट. इंग्रजी शब्दही पसरलेल्या हातांवरूनच आलाय. आमच्याकडे अजून पाणी वावात मोजतात. सगळ्यात खालचा गळ १२५ वाव, म्हणजे सुमारे २३० मीटर. पेन्सिलीएवढा जाड दोर एका ओल्या काठीला अडकवलेला, खाली आमिषाला कुणी तोंड लावलं की काठी वाकणार. आमिषाचा मासा असा शिवलेला, की मोठ्या माशाला लोखंड कुठेच लागू नये.

इतर कोळी दोर प्रवाहाबरोबर वाहू देतात. त्यांना वाटतं गळ १०० वावांवर आहे, असतो ६० वर. म्हातारा दोर सरळ ठेवतो. नशीब असलं तर चांगलंच, पण आपण आधी अचूक असावं, म्हणजे नशीब आलं की आपली तयारी असते, असं तो स्वतःशी म्हणतो. रोज कोड लिहिणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं. ८४ दिवस मासा मिळाला नाही, तरी ८५ व्या दिवशी हा माणूस मोजमापात ढिलाई करत नाही. नुसतं ‘पुन्हा प्रयत्न कर’ यापेक्षा ही वेगळी आणि अवघड गोष्ट आहे. स्लाइडवर ती मावत नाही.

दुसरा फरक स्पर्शाचा. आमच्या खाडीत डोल लावतात. ओहोटीचं पाणी वाहतं, मासे पिशवीसारख्या जाळ्यात शिरतात, नंतर ते उपसायचे. त्यात कोण आलंय ते जाळं वर आल्यावर कळतं. गळाचं तसं नसतं. लहानपणी आजानं एकदा जिताड्यासाठी गळ लावून दोरी माझ्या हातात दिली होती. बोटाला किंचित काही लागलं आणि मी ओढायला गेलो. आजानं मनगट धरलं. ‘वढू नको. पयले वलख, कोन हाय.’ काय आहे असं त्यानं विचारलं नाही. कोण आहे, असं विचारलं.

कादंबरीचा मधला सगळा भाग हे ओळखणं आहे. १०० वाव खाली अंधारात कुणीतरी सार्डिन कुरतडतंय आणि म्हाताऱ्याला ते दोन बोटांत कळतं. पुढे मासा होडी ओढत नेतो. दोर होडीला बांधला तर एका हिसक्यात तुटेल, म्हणून म्हातारा तो आपल्या पाठीवर घेतो. माशाची प्रत्येक हालचाल त्याच्या अंगात पोचते. तो माशाला भाऊ म्हणतो ते उगाच नाही. चिकाटीची गोष्ट म्हणून वाचलं की हा मासा फक्त अडथळा उरतो, एखाद्या टार्गेटसारखा.

एक गोष्ट मराठी वाचकाला नकाशा पाहिल्याशिवाय कळणार नाही. हवानाच्या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल जातो. म्हातारा पहाटे वल्ही मारत निघतो आणि उजाडायच्या आत ७०० वाव खोल डोहावरून जातो. आपल्याकडे मुंबईसमोर समुद्राचा तळ हळूहळू उतरतो. २०० मीटर खोली गाठायला साधारण ३०० किलोमीटर जावं लागतं. पनवेलच्या छोट्या होडीनं १२५ वावांवर गळ टाकणं शक्यच नाही. म्हणजे आजाची चिकाटी कमी पडली, असं कुणी म्हणेल का? माणूस कुठवर पोचतो हे त्याच्या मनावर जितकं असतं, तितकंच त्याच्या पायाखालच्या पाण्यावर असतं.

आता मॅनोलिन. ४० दिवस मासा मिळाला नाही तेव्हा त्याच्या आईवडिलांनी त्याला दुसऱ्या होडीवर पाठवलं. त्या होडीला पहिल्याच आठवड्यात तीन चांगले मासे मिळाले. प्रेरणादायी वाचनात या बापाला जागा नसते. माझ्यासाठी तो पुस्तकातला सगळ्यात ओळखीचा माणूस आहे. कोळीवाड्यातल्या कितीतरी बापांनी हेच केलं. पोरांना होडीवरून उतरवून कॉलेजात पाठवलं. पुढे विमानतळासाठी उलवे टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला आणि २०२५ मध्ये विमानतळ सुरू झाला. आजाची दोरी त्याच्या कितीतरी आधी खुंटीला लागली होती. त्यानं हार मानली असं मला म्हणायचं नाही, आणि बाबांनीही मानली नाही.

शिवाय सांतियागो तरी कुठे एकट्याच्या जोरावर उभा असतो? जेवण, कॉफी, आमिषाचे मासे, सगळं पोरगा आणून देतो. समुद्रात म्हातारा पुन्हा पुन्हा म्हणतो, पोरगा असता तर. कवितेतल्या कोळ्याला कुणी चहा पाजत नाही.

आणि ते प्रसिद्ध वाक्य? ते येतं पहिल्या शार्कनंतर. त्या शार्कनं सुमारे ४० पौंड मांस आणि म्हाताऱ्याचा हार्पून नेलाय, पण जवळजवळ सगळा मासा अजून शिल्लक आहे. पुढे आणखी शार्क येतात, रात्र होते, हाती काही उरत नाही. म्हातारा माशाची माफी मागतो आणि आपण फार लांब गेलो हे कबूल करतो. हेमिंग्वेनं ते वाक्य शेवटी ठेवलं नाही. आपण ते उचलून शेवटी ठेवलं.

खऱ्या शेवटी किनाऱ्यावर एक सांगाडा तरंगतोय. हॉटेलातली एक पर्यटक बाई वेटरला विचारते, हे काय? काय झालं ते तो सांगू बघतो, पण त्याचं इंग्रजी तोकडं. बाईला तो सांगाडाच शार्कचा वाटतो. शार्कची शेपटी इतकी सुंदर असते हे तिला माहीत नव्हतं, असं ती म्हणते.

त्या मीटिंगमध्ये आम्ही सगळे त्या बाईच्या टेबलावर बसलो होतो. मीही काही बोललो नाही. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिथे बसणाऱ्या मुलाला मी त्या आठवड्यात फोनही केला नव्हता. पुस्तक संपल्यावर केला.