‘नाइस’ शब्दाची कुळकथा

इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडीं ‘नाइस’ हा शब्द इतका बसलेला आहे कीं, चहा नाइस, हवा नाइस, मनुष्य नाइस आणि कादंबरीही नाइस! अशा या गोडबोल्या शब्दाची कुळकथा मात्र विलक्षण आहे. लॅटिन भाषेंतील ‘नेस्किउस’ म्हणजे ‘अज्ञ’ हें त्याचें मूळ. जुन्या फ्रेंचमधून इ. स. १३०० च्या सुमारास तो इंग्रजींत आला, तो ‘मूर्ख’ हा अर्थ घेऊन. पुढें नाजूक, चोखंदळ, सूक्ष्म असे अर्थ त्यास प्राप्त झाले. ‘नाइस भेद’ म्हणजे बारीक भेद, हा प्रयोग अद्यापि जिवंत आहे. ‘चांगला, सुखद’ हा अर्थ अठराव्या शतकांत रूढ झाला.

हा केवळ कोशकारांच्या कुतूहलाचा विषय नव्हे. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्यें, रोमिओला न पोंचलेलें आपलें पत्र ‘नाइस’ नव्हतें, असें फ्रायर लॉरेन्स म्हणतो. त्याचा भावार्थ ‘तें क्षुल्लक नव्हतें’ असा आहे. तेथें ‘छान’ हा अर्थ घेणारा भाषांतरकार शोकपर्यवसायी नाटकाचें हसें करून ठेवील.

जेन ऑस्टिनच्या, १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या, ‘नॉर्दँगर ॲबी’ या कादंबरींत नायक हेन्री टिल्नी याच शब्दावरून नायिकेची थट्टा करतो. मूळचा नेटकेपणाचा व सुसंस्कृतपणाचा हा शब्द असावा, पण लोक आतां तो वाटेल त्यास लावतात, असा त्याचा आक्षेप. आमच्या मतें आक्षेप खरा, पण कारण खोटें. मूळ अर्थच प्रमाण मानावयाचा तर ‘नाइस’ म्हणजे मूर्खच म्हणावें लागेल. आणि मग आम्हां मराठी लोकांनाही संस्कृतानुसार ‘राग’ म्हणजे प्रेम व ‘शिक्षा’ म्हणजे शिकवण असें मानावें लागेल. अर्थ बदलला हा शब्दाचा दोष नव्हे.

दोष आहे तो वापरणाऱ्याच्या आळसाचा. जो शब्द एके काळीं बारीक भेद दाखवी, तोच आज भेद न करण्याची सोय होऊन बसला आहे. पुस्तक ‘नाइस’ म्हटलें कीं, तें कां आवडलें हें सांगण्याची जबाबदारी टळते. आमच्या ग्रंथपरीक्षणांत ‘सुंदर’ व ‘अप्रतिम’ हीं विशेषणें हेंच काम करीत आहेत. हेन्रीच्या थट्टेचा रोख आम्हां परीक्षकांकडेही आहे, हें आम्हीं कबूल केलें पाहिजे.