‘दिवास्वप्न’ आणि प्रोत्साहनाचा प्रश्न

विद्यार्थ्यास प्रोत्साहन देणे म्हणजे त्याची स्तुती करणे अथवा त्यास बक्षिसाची आशा लावणे, अशी समजूत शिक्षकवर्गात बरीच रूढ आहे. ह्या समजुतीस छेद देणारी कृती म्हणून गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) ह्यांच्या मूळ गुजराती ‘दिवास्वप्न’ ह्या पुस्तकाचा विचार करणे अगत्याचे आहे. लक्ष्मीराम नावाचा शिक्षक अधिकाऱ्याच्या अनुमतीने एका वर्षासाठी चौथीचा वर्ग चालवावयास घेतो व त्या प्रयोगाची हकीगत स्वतःच सांगतो, एवढेच त्याचे कथानक.

पहिल्याच दिवशी लक्ष्मीराम शांततेचा खेळ घेऊ पाहतो. मुले गोंगाट करून तो बेत उधळून लावतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि तोच वर्ग तन्मय होतो. हा बदल केवळ रंजकतेचा परिणाम नव्हे. भाषिक दृष्टीने पाहता पहिल्या दिवशीचा व्यवहार आज्ञार्थाचा आहे. आज्ञेपुढे मुलास दोनच मार्ग असतात, पालन किंवा उल्लंघन. कथनाचे तसे नाही. मध्येच थांबलेली गोष्ट ऐकणाऱ्यास ‘पुढे काय झाले?’ असे विचारावयास लावते. म्हणजे जो आजवर केवळ उत्तरे देत होता, तो प्रश्नकर्ता होतो. पुढे पाठ्यपुस्तकांसाठीच्या पैशांतून वर्गाचे ग्रंथालय उभे राहते, व्याकरणही खेळांतून शिकविले जाते. ह्या साऱ्याच्या मुळाशी एकच तत्त्व आहे : मुलास स्वतःहून बोलण्याचे व विचारण्याचे कारण मिळवून देणे.

तथापि ह्या कृतीस एक मर्यादा आहे. निवेदन प्रथमपुरुषी असल्यामुळे मुलांचे मनोगत शिक्षकाच्या मुखातूनच वाचकापर्यंत पोहोचते. आणि जे मूल वर्गात येऊच शकत नाही, ते ह्या चित्राच्या चौकटीबाहेर राहते. भावनगरला गिजुभाईंसमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक ह्यांना महाराष्ट्रात नेमका हाच प्रश्न सोडवावा लागला. १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू झालेल्या व पुढे कोसबाडला अनुताई वाघ ह्यांच्या साहाय्याने विस्तारलेल्या त्यांच्या कार्यात, गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरू लागल्या. तेथे अनास्था मुलाच्या मनात नव्हती. अडचण त्याच्या दिनक्रमात होती. शिवाय घरी वारली बोलणाऱ्या मुलास पुस्तकी मराठीतील शाबासकीही प्रथम परकीच वाटणार.

म्हणून ‘दिवास्वप्न’ हे गोष्टी सांगण्याच्या तंत्राचे पुस्तक मानून वाचणे अपुरे होय. मूल गप्प का आहे, ह्याचा शोध घेणारा शिक्षक हा त्याचा खरा विषय आहे. हे कारण कधी वर्गाच्या शिस्तीत असते, कधी घरच्या कामात, तर कधी भाषेतच. ते ओळखल्यावाचून दिलेले प्रोत्साहन मुलापर्यंत पोहोचत नाही.